प्राकृत शिकवणार कधी?

महोदय,

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीचा आनंद आपण साजरा केला, तो करायलाच हवा होता. पण मराठीचे प्राचीनत्व सांगताना ज्या माहाराष्ट्री प्राकृताचा दाखला आपण देतो, ती शिकवायची कुणी आणि कुठे?

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शिलालेख आहे. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुले भिंतीवरच्या अक्षरांचे फोटो काढतात आणि पुढे निघतात. हा लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहे, तिच्यातला ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे नुसता गोल, त्यात ठिपका दिला की ‘थ’. एवढे सांगितले तरी चौथीतले पोर त्या भिंतीवर अक्षरे शोधू लागेल.

राज्य मंडळाच्या विषयांत पाली आणि अर्धमागधी (प्राकृताचाच एक प्रकार) आहेत. पण शाळेत शिक्षकच नसेल तर उपयोग काय? संस्कृतही बहुतेक घरांत पैकीच्या पैकी गुणांसाठीच घेतले जाते आणि दहावी झाली की वही रद्दीत जाते. याचे फार वाईट वाटते.

सातवाहन राजा हालाच्या ‘गाथासप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातल्या काव्यसंग्रहात गोदाकाठची शेते, गावे, घरसंसार आहे. एकेक गाथा जेमतेम दोन ओळींची. मराठीच्या तासाला आठवड्यातून एक गाथा मुळातून वाचायला कितीसा वेळ लागतो? अभिजात दर्जामुळे मिळणाऱ्या निधीतून आधी असे शिक्षक तयार करावेत आणि नाणेघाटात ब्राह्मी अक्षरांचा एक तक्ता लावावा.

– एक निवृत्त शिक्षिका, जुन्नर