तहकूब सभेत गावाचा कारभार नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आमच्या खटाव तालुक्यात चुरस असते. नवी मुंबईत माथाडीकाम करणारी, पुण्यात कंपनीत असलेली मंडळी रात्रीच्या गाडीनं येतात, मत टाकून परत जातात. पुढची पाच वर्षं ग्रामसभेकडे मात्र कुणी फिरकत नाही. गावाचा पैसा कुठे खर्च व्हायचा, ते तिथं ठरतं.

मी निवृत्त अंगणवाडी सेविका. ग्रामसभांना आवर्जून जाते. सभा सकाळी अकराला ठेवतात. तेव्हा बाया भांगलणीला नाहीतर कांदा काढणीला गेलेल्या असतात. रोज बुडवून कोण येणार? १५ ऑगस्टला झेंडावंदनाला गर्दी होते, पण खाऊ वाटला की सगळे पांगतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग पंधरा-वीस जणांत विकास आराखडा मंजूर, घरकुलाची यादीही मंजूर! नंतर रजिस्टर दारात येतं, "काकू, एवढी सही करा." ठरावाची जागा कोरीच असते. मी सही करत नाही, त्याचा राग येतो काहींना.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. ती बहुतेक वेळा कागदावरच होते.

लोकांना आस्था नाही, असं म्हणणाऱ्यांना एक प्रसंग सांगते. पाण्याच्या तक्रारी वाढल्या तेव्हा एकदा सभा संध्याकाळी साडेसातला मारुतीच्या देवळात घेतली. बाया स्वयंपाक उरकून आल्या, वाडीवरच्याही आल्या. शेवटच्या वाडीला पाणी का पोचत नाही, यावर दोन तास बोलणं झालं. व्हॉल्व्ह कुणी, किती वाजता फिरवायचा हे ठरलं. ग्रामसेवकांनी ठराव तिथंच लिहून वाचून दाखवला, मगच सह्या झाल्या. त्या आठवड्यात वाडीला पाणी आलं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सभा संध्याकाळी घ्या. विषयपत्रिकेची दवंडी वाड्या-वस्त्यांवरही द्या, फळ्यावरच्या नोटिशीवर भागवू नका. तहकूब सभेची तारीखही तशीच कळवा, आणि मागच्या सभेचं इतिवृत्त व जमाखर्च सुरुवातीलाच मोठ्यानं वाचा. गटविकास अधिकाऱ्यांनी २६ जानेवारीच्या सभेआधी सगळ्या ग्रामपंचायतींना तसं लेखी कळवावं.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. खटाव, जि. सातारा