शाळेतले बीबीसी मायक्रो भंगारात देऊ नका

मा. संपादक,

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा कपाटं साफ करतात आणि त्यातून काय काय बाहेर निघतं ते पाहायचं असेल तर इतवारीत भंगारवाल्यांकडे एक चक्कर मारा. मला मागच्या मे महिन्यात तिथं एक बीबीसी मायक्रो नावाचा जुना संगणक मिळाला, किलोच्या भावानं! एकॉर्न कंपनीचं हे मशीन १९८१ चं, आणि १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या शालेय संगणक साक्षरतेच्या क्लास योजनेत हेच आपल्याकडच्या शाळांमध्ये आलं होतं, माझ्या वयाच्या लोकांनी पहिला कीबोर्ड बडवला तो हाच.

घरी आणून चालू केलं तर "बीप-बूप" असे दोन आवाज यायला पाहिजेत ते नाहीच, एकच लांब सूर. शेजारचे काका म्हणाले, "गेलं बाप्पा हे, फेकून दे." पण गेला होता फक्त प्रोसेसर. ६५०२ नावाची ४० पायांची चिप, सॉकेटमध्ये बसवलेली, म्हणजे सोल्डरिंग गन पण लागत नाही, हळूच उचकटून काढायची. तिच्या जागी नवीन ६५सी०२ बसते, ती आजही बनते. पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेली चिप डुप्लिकेट निघाली, वरचं जुनं नाव घासून नवीन छापलेलं, थोडं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर छपाई कापसावर आली. दुसरी खरी मिळाली. तिचा १ नंबरचा पाय जुन्या चिपसारखा ग्राउंडचा नसतो, आउटपुट असतो, म्हणून तो सॉकेटबाहेर वाकवून ठेवला आणि ३६ नंबरचा ५ व्होल्टला जोडला. झालं, बीप-बूप!

आता पोट्टे विचारतात, काका नवी चिप १४ मेगाहर्ट्झची आहे ना, मग मशीन सातपट फास्ट झालं का? नाही रे बाबा. चिपचा वेग ठरवणारं घड्याळ बोर्डावरचं आहे, २ मेगाहर्ट्झ, आणि रॅम आळीपाळीनं प्रोसेसर आणि स्क्रीन दोघं वापरतात, एकट्याची चाल वाढवली तर सगळं गणित बिघडते. उलट काही जुने गेम बंदच पडतात कारण ते मूळ ६५०२ चे कागदोपत्री नसलेले कमांड वापरायचे. स्पीडच पाहिजे तर मशीनच्या खालच्या ट्यूब नावाच्या पोर्टला दुसरा प्रोसेसर लावायचा, एकॉर्ननं सोयच तशी ठेवली होती. २६ एप्रिल १९८५ ला जगातली पहिली एआरएम चिप अशीच बीबीसी मायक्रोला जोडून चालवली होती, आज आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये तिचेच वंशज आहेत. आणि हे मशीन आपण लोखंडाच्या भावात काढतो.

माझं मुख्याध्यापकांना एवढंच म्हणणं आहे की लिलावाच्या यादीत "बंद संगणक" लिहिण्याआधी एकदा कोणाला दाखवा, आयटीआय-पॉलिटेक्निकच्या पोरांना द्या, नाहीतर रमण विज्ञान केंद्राला तरी विचारा. फक्त लगेच प्लग लावू नका, पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर आधी बदला नाहीतर वर्गभर धूर होईल, माझ्या हॉलमध्ये झाला होता, बायको अजून ऐकवते. झाकणाला चारच स्क्रू आहेत, बाजूला "फिक्स" असं छापलेलं असते.

एक वाचक, धंतोली, नागपूर