बापूस पत्र

लातूर

प्रिय बापू,

आई बरी आहे, माझी बीपीची गोळी चालू आहे. बाकी सगळं सोडून आधी हे ऐक. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात पाणी शिरलं आणि ते माझ्या घरातून गेलं. घरात कुणाला सांगितलं तर म्हणतात, भरपाई द्या नि मोकळे व्हा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याच्याही आधीपासून त्या बाईनं आपल्या बोअरच्या दोन कळशा रोज आपल्याला दिल्या, हे ह्यांना कसं सांगू? (रांगेत तू उभा राहायचास नि मी झोपायचो, हे तू अजून सांगत फिरतोस म्हणे. लेका, कळशी जिन्यावर कुणी सांडली होती ते काकूंना विचार.)

आम्ही उदगीरला लग्नाला गेलो होतो. मागं सिंकखालच्या पाइपाचा नट तडकला. रात्रभर पाणी स्लॅबमधून, पंख्याच्या भोकातून खाली गळत राहिलं. गाद्या, दिवाण, कपाटाचं प्लायवूड, सगळं गेलं. काकांची बाजाची पेटी तर बघवेना. भाता फुगलाय, आणि काळी दोनची पट्टी दाबली की दाबलेलीच राहते, बोटानं उचलावी लागते.

आता खरा घोळ ऐक. माझ्या विम्याच्या पॉलिसीत माझं घर आहे. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी त्यात येत नाही, तिचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. पण काकूंच्या पोरानं गृहकर्जासोबत ‘भारत गृह रक्षा’ घेतलेली निघाली. २०२१ पासून सगळ्या कंपन्या एकाच साच्यात देऊ लागल्या ती घरविम्याची पॉलिसी. तो पुण्याहून म्हणाला, ती बँकेची आहे, फक्त भिंतींची. मी कागद मागवून वाचला. इमारतीच्या विम्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप त्यात आहे. पाण्याच्या टाक्या, पाइप फुटून झालेलं नुकसानही आहे. हळूहळू पाझरून झालेलं मात्र नाही. आणि काकूंच्या छताला मागच्या पावसाळ्याचा जुना पिवळा डाग आहे! कंपनीचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर तोच आधी धरणार. म्हणून तडकलेला नट पिशवीत जपून ठेवलाय, प्लंबरकडून तारखेसह लिहून घेतलंय, भिंती पुसायच्या आधीचे फोटो काढलेत. पेटीची पावती कुठून आणायची, ते मात्र कळेना.

पाणी माझ्याच पाइपातून गेलं, हे मला लिहून द्यायचंय. मेव्हणा म्हणतो, अजिबात देऊ नका. कंपनी काकूंना पैसे देईल आणि त्यांच्या जागी उभी राहून तुमच्याकडून वसूल करेल. कायद्यात तशी सोय आहे, तो खोटं बोलत नाही. पण खरं लिहिलं नाही तर काकूंचा दावा लटकेल. मी लिहून देणार आहे, बापू. वसुलीचं पुढं बघू.

पण काकूच दाव्यावर सही करायला तयार नाहीत! अंगठीशी चाळा करत म्हणाल्या, “लेकरा, तुझ्या मागं लचांड लावून मला पैसे नकोत.” मी म्हटलं, मग मी देतो. तेही नको. गाद्या गच्चीवर वाळत घातल्यात, रात्री सतरंजीवर झोपतात. ह्या वयात! माझ्याच्यानं ते बघवत नाही.

तुझं त्या ऐकतात. मला रागावतात, तुझं ऐकतात. तेव्हापासूनचं आहे ते. त्यांना एवढंच समजाव, की हप्ता पोरानं भरलाय, हे पैसे भीक नाहीत. कंपनीनं लेखी तक्रारीवरही नाही म्हटलं, किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर पुण्यात विमा लोकपाल आहे. नकारानंतर वर्षभरात तक्रार करता येते, फी लागत नाही. मी स्वतः त्यांना घेऊन जाईन.

तुझी बदली नांदेडला झाली की अजून हिंगोलीतच? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

गुरुवारी सर्व्हेअर येतोय. त्याआधी काकूंना फोन कर, दुपारी जेवणानंतर. सकाळी त्या पूजेत असतात, संध्याकाळी सिरियल लागली की कुणाचंच ऐकत नाहीत. आणि मी लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझा,
दादू