लाल पेन्सिलीबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अध्ययनाच्या मानसशास्त्राने मला पुरते जेरीस आणले होते, आणि प्रबलनाचे (म्हणजे बक्षीस वगैरे देऊन एखादे वर्तन पक्के करण्याचे) प्रकार पाठ करून ते उत्तरपत्रिकेत एकमेकांत मिसळून टाकण्याचा माझा नेमच झाला होता. तेव्हा तुम्ही मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचा १९४८ मधला कबुतरांवरील छोटासा लेख माझ्या हाती दिलात आणि "आधी हसून घ्या, मग या," एवढेच म्हणालात.

हसू आलेच. भुकेल्या कबुतरांनी काहीही केले तरी ठरावीक वेळाने दाणे समोर येत होते. तरीही आठपैकी सहांनी, जणू ती आपल्याच करणीची कमाई आहे अशा थाटात, कसला ना कसला चाळा लावून घेतला होता. एक गिरक्या घेत होते, एक पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात पुन्हापुन्हा डोके खुपसत होते. मी टिपणात लिहिले, "कबुतर दाण्यांसाठी साकडे घालते." तुम्ही 'साकडे' या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढून बाजूला विचारलेत, "हे पिंजऱ्यात दिसले का?"

पुढे तुमच्याच सांगण्यावरून स्टॅडन आणि सिमेलहॅग यांचा १९७१ चा लेख वाचला. त्यांनी हाच प्रयोग पुन्हा करून पक्ष्यांची प्रत्येक हालचाल बारकाईने नोंदवली, तेव्हा दाण्यांची वेळ जवळ आली की पक्षी चोची मारू लागतात आणि इतर चाळे बहुतेक त्याआधीच उरकतात, असे आढळले. म्हणजे स्किनर यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात घातलेला 'अंधश्रद्धा' हा शब्दही पिंजऱ्यात दिसलेला नव्हता; तो माझ्या साकड्याचे थोरले भावंडच निघाला!

प्राण्यांना कसरती शिकवणाऱ्या ब्रेलँड दांपत्याच्या १९६१ च्या लेखातील रॅकूनने (हा अमेरिकेतला एक छोटा सस्तन प्राणी) तर कहर केला. नाणे डब्यात टाकले की खाऊ, हे शिकलेला तो प्राणी एक नाणे कसेबसे सोडायचा. दोन दिली की मात्र खाऊ लांबणीवर पडत असूनही ती एकमेकांवर घासत बसायचा, डब्यात बुडवायचा आणि पुन्हा बाहेर काढायचा. (त्याला कंजूष म्हणावेसे फार वाटले, लिहिले नाही.) खाद्य चोळण्याची उपजत सवय शिकवणीवर मात करते, हा मुद्दा त्यानंतर कधीच पाठ करावा लागला नाही.

हल्ली माझ्या निरीक्षणवहीत दोन रकाने असतात: 'दिसले' आणि 'हसू आले'. दुसऱ्या रकान्याला तुम्ही हरकत घेतली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार.

आपला विद्यार्थी