विळा बाजूला ठेवलेली बाई

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रशियन शेतकऱ्यांच्या चित्रांवरचा लेख वाचला, आवडला, चित्रं पण भरपूर दिलीत (रंग जरा हिरवट आलेत, असो). पण व्हेनेत्सियानोव्ह या जुन्या रशियन चित्रकाराच्या चित्रांखाली 'कष्टाचं अस्सल दर्शन' असं लिहिलंय ना, तिथे माझं अडलं.

माझं माहेर सांवेरकडचं, घरी गहू. सोंगणी चालायची तेव्हा बायका लुगडं वर खोचून, डोक्याला फडकं घट्ट बांधून दिवसभर वाकलेल्या, कुसळं मानेतून आत जायची आणि संध्याकाळी हातावर पाणी घेतलं की नुसती आग आग व्हायची. आता ते 'वसंत' चित्र बघा. बाई कुळवाला जुंपलेले दोन घोडे घेऊन शेतात निघालीय, अनवाणी, पण अंगात पायघोळ गुलाबी झगा आणि चाल अशी की जणू हळदीकुंकवाला निघालीय! उन्हाळ्याच्या चित्रात तर ती बाळाला घेऊन बसलेली, विळा शेजारी ठेवलेला, कापणी करणारी माणसं कुठेतरी लांब इवलीइवलीशी. चित्र वाईट नाही हो, बाळासाठी विळा खाली ठेवणं मला फार खरं वाटलं, आमच्याकडेही बांधावरच्या झाडाला झोळी असायचीच. पण याला कष्टाचं चित्र म्हणायचं?

आणि लेखात हे आलंच नाही की हा चित्रकार स्वतः जमीनदार होता, त्वेर प्रांतात साफोन्कोवोला त्याची इस्टेट, म्हणजे चित्रातली माणसं ज्या भूदास पद्धतीत (शेतकरी जमिनीला बांधलेला, जमीनदाराच्या मालकीचा) राबायची तिच्यावरच त्याचं घर चालायचं. 1820 च्या सुमाराला त्याने खळ्याचं चित्र काढलं, तेव्हा आत उजेड यावा म्हणून कोठाराची अख्खी भिंत कापून काढायला लावली, ही गोष्ट तुम्ही कौतुकाने सांगितलीत. मला वाचताना पहिला प्रश्न हाच पडला की ती भिंत कापली कोणी? गड्यांनीच ना! ते काम काही चित्रात नाही, चित्रात बरीचशी मंडळी निवांत बसलेली नाहीतर उभी.

माणूस वाईट नव्हता, गरिबाघरच्या पोरांना शिकवायचा. त्यातला ग्रिगोरी सोरोका शेजारच्या जमीनदाराचा भूदास, त्याला सोडवायची याने खटपट केली पण जमलं नाही. 1861 मध्ये पद्धतच बंद झाली, तरी सोरोकाची सुटका कुठे, जमीनदाराविरुद्ध तक्रारी केल्या म्हणून फटक्यांची शिक्षा झाली आणि 1864 मध्ये त्याने गळफास घेतला. एवढ्या मोठ्या लेखात त्याचं नावसुद्धा नाही, हे मला खटकलं.

खरे कष्ट बघायचे तर रेपिन या दुसऱ्या रशियन चित्रकाराकडे बघा. व्होल्गाकाठी जहाज ओढणारी 11 माणसं, चित्र 1873 मध्ये पुरं झालं. शेत नाहीये त्यात, पण छातीवरचा पट्टा, पुढे झुकलेली अंगं, बघतानाच आपले खांदे दुखायला लागतात. तुम्ही ते कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढं छापलंत, मी भिंग लावून माणसं मोजली तर आठच सापडली. पुढच्या वेळी पानभर छापा, आणि रंगाकडे तेवढं लक्ष द्या.

आपली,
एक जुनी वाचक, रामबाग, इंदूर