लुना आणि प्रिया भंगारात जायच्या आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या वस्तूंच्या आठवणींवर हल्ली बरंच लिहून येतं, वातीचा स्टोव्ह, काळा फोन, मर्फीचा रेडिओ, सायकलचा नगरपालिकेचा बिल्ला, आणि वाचायला मलाही फार आवडतं. पण नुसत्या आठवणी लिहून वस्तू राहत नाहीत हो, त्या भंगारवाला किलोवर नेतो, म्हणून हे पत्र.

आमच्या घरातली पहिली गाडी म्हणजे लुना, पॅडलवाली मोपेड. अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर, शाळा दुसऱ्या गावात, एसटी चुकली की पायपीट. लुना आली, तीही सेकंडहँड, आणि अण्णा संध्याकाळी दिवे लागायच्या आत घरी यायला लागले, आईच्या जिवाला घोर नाही, आम्हाला अभ्यासाला धाक! 50 सीसीचं ते इंजिन, स्टँडवर लावून पॅडल मारायचं, दोनचार वेळा नुसतीच फुरफुरायची आणि मग एकदम फटफट करत निळसर धूर सोडायची. थंडीत नाहीच झाली चालू तर अण्णा पाना घेऊन प्लग काढायचे, काळा पडलेला असायचा, तो पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायला लागायचं, कमी पडलं तर इंजिन जाम आणि जास्त झालं तर प्लग परत काळा, त्यामुळे पंपावर अण्णा मापाकडे डोळ्यात तेल घालून बघत उभे. चढाला गाडी दमली की बसल्या बसल्या पॅडल मारून हातभार लावायचा, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी यायचं. आज कुठल्या गाडीत आहे ही सोय?

आणि ही गाडी आपल्याकडची, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये बाजारात आणलेली, नगरच्या कारखान्यात बनायची. गिअरची भानगड नाही, वजनाला हलकी, त्यामुळे साडी नेसलेल्या बाईंना, नर्सताईंना पहिल्यांदा स्वतःची गाडी मिळाली ती लुना. दूधवाल्याच्या किटल्या तिच्यावर, पेपरचे गठ्ठे तिच्यावर. माझ्या मते तर बायकांच्या फिरण्यात या गाडीने जेवढा फरक पाडला तेवढा नंतरच्या भारी गाड्यांनीही पाडला नाही.

स्कूटरचं वेगळंच. त्याच 1972 सालात आकुर्डीहून बजाजची चेतक आली, आणि नंतर आमच्या साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया बनायला लागली, ही कंपनी 1975 मध्ये सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून काढलेली. साताऱ्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, परदेशात नातेवाईक असेल आणि डॉलरमध्ये पैसे भरले तर लवकर मिळायची, बाकीच्यांनी बुकिंगची पावती कपाटात जपून ठेवायची. बुकिंग केलं तेव्हा लग्न झालेलं नसायचं आणि गाडी आली तेव्हा पुढे उभं राहायला मुलगा तयार! सकाळी चोक ओढून, स्कूटर एका बाजूला तिरकी करून मग किक मारायची, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं होतं.

आता मुद्द्याचं सांगतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचा नियम केला, त्यात दुचाकीही आहेत, पण अट 50 वर्षं जुनी असण्याची आणि नव्याने नोंदणीची फी 20 हजार रुपये. म्हणजे अगदी सुरुवातीची लुना तेवढी यात बसते, पण 1985 ची असेल तर तिने 2035 पर्यंत थांबायचं. 15 वर्षांनंतर आरसी रिन्यू करताना पैसे भरा, फिटनेस दाखवा, पार्ट मिळत नाहीत, साध्या माणसाने काय करायचं? तो भंगारात देतो, त्याला दोष देता येत नाही. आमच्या पार्किंगमध्ये एक प्रिया कोपऱ्यात उभी आहे, सीट उंदरांनी कुरतडलीय, मालक काका म्हणतात मन होत नाही द्यायला पण ठेवू तरी कुठे.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या, म्हणून आज राजा केळकर संग्रहालयात आपण त्या बघतो. त्यांनी हे सुरू केलं तेव्हा अनेकांच्या घरात अडकित्ता वापरात होता, लोकांना त्यात काय बघायचं असं वाटलंच असणार. लुना, प्रिया, चेतक, स्टोव्ह, रेडिओ यांची आज तीच वेळ आलीय. इलेक्ट्रिक चेतक आणि 2024 मध्ये इलेक्ट्रिक लुना आली याचा आनंदच आहे, पण नाव तेच असलं तरी प्लग काढून घासायची ती गाडी पोरांना बघायला मिळणार कुठे?

माझी मागणी साधी आहे. साताऱ्यात किंवा नगरला सरकारने नाहीतर या कंपन्यांनी एखादी शेड द्यावी आणि महाराष्ट्रात बनलेल्या, सामान्य माणसाने वापरलेल्या गाड्या आणि वस्तू तिथे मांडाव्यात. नुसत्या काचेआड नकोत, एखादी चालू स्थितीतली ठेवा, पोरांना पॅडल मारून बघू दे. जुने मेकॅनिक अजून आहेत, त्यांना बोलवा, कार्बोरेटर खोलून दाखवायला ते आनंदाने येतील. गाड्यांबरोबर बुकिंगच्या पावत्या, आरसी बुकं, गाडीची पूजा करतानाचे फोटो हेही गोळा व्हायला पाहिजे, कारण घरं बदलताना पहिल्यांदा तेच रद्दीत जातं. आपल्या पेपरने वाचकांना एकदा आवाहन करावं ही विनंती, निदान कोणाकडे काय शिल्लक आहे याची यादी तरी होईल. आमच्या काकांची प्रिया द्यायची तयारी आहे, त्यांना विचारूनच लिहितोय.

आपला,
एक वाचक, सातारा