माझाही एक पुतण्या आहे

बारामती,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचून दहा-बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. गेल्या महिन्याच्या विधानसभा निवडणुकीत संगमनेरात बाळासाहेब थोरात, कऱ्हाड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण आणि लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख पराभूत झाले, तेव्हा महाराष्ट्रातील घराण्यांचे दिवस भरले असे समजावे काय, असे तू विचारतोस. हा प्रश्न म्हापशात बसून विचारण्याचा तुला कितपत अधिकार आहे, या वादात मी शिरत नाही. तुमच्या गोव्याच्या चाळीस जणांच्या विधानसभेत २०२२ साली राणे, मोन्सेरात आणि लोबो अशी तीन जोडपी, म्हणजे सहा आमदार, निवडून आले, एवढे फक्त स्मरण करून देतो. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मागे १९७३ साली त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा तू चौथी-पाचवीत असशील. म्हणजे या विषयाचे शिक्षण तुला माझ्याआधीच मिळालेले आहे.

आधी येथले सांगतो. बारामती विधानसभा मतदारसंघाला १९६७ पासून आजपर्यंत दोनच आमदार लाभले आहेत, आधी शरद पवार आणि १९९१ पासून अजित पवार. सत्तावन्न वर्षे आणि दोन माणसे, तीही काका आणि पुतण्या. मी नागरिकशास्त्र शिकवीत असे तेव्हा 'मतदार आपला प्रतिनिधी निवडतात' हे वाक्य फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हसे, आणि त्याला का हसलास असे विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही.

या वर्षी मात्र त्या मुलालाही हसू आले नसते. मे महिन्यात लोकसभेला नणंद सुप्रिया सुळे आणि भावजय सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबरात विधानसभेला काका अजित पवार आणि पुतण्या युगेंद्र पवार. (काका-पुतण्या म्हटल्यावर शनिवारवाड्यातले जे वाक्य प्रत्येकाच्या ओठावर येते ते मी मुद्दाम लिहीत नाही, या वर्षी ते पुरेसे वापरून झाले आहे.) दिवाळीच्या पाडव्याला गोविंदबागेत जाऊन शरद पवारांना, म्हणजे साहेबांना, भेटायचे, हा येथला वर्षानुवर्षांचा रिवाज. या पाडव्याला प्रथमच दोन पाडवे झाले, एक गोविंदबागेत आणि दुसरा काटेवाडीत अजितदादांकडे. कोणाकडे आधी जायचे, कोणाकडे गेलेले कोण पाहील, फोटो कोणत्या ग्रुपवर टाकायचा आणि कोणत्या ग्रुपवर टाकायचा नाही, यावर आमच्या आळीत दोन दिवस जे खल चालले ते ऐकून मला वाटले, निवडणूक वीस तारखेला नसून आजच आहे.

'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' हे वाक्य उन्हाळ्यापासून चहाच्या टपरीवर ऐकू येत होते. दिल्ली-मुंबईच्या पत्रकारांना ते कोडे वाटले असेल, पण लोकांनी अक्षरशः तसेच केले. लोकसभेला सुप्रिया सुळे यांना एकट्या बारामती विधानसभा क्षेत्रात सुमारे ४८ हजारांचे मताधिक्य मिळाले, आणि साडेसहा महिन्यांनी त्याच मतदारांनी युगेंद्र पवारांच्या विरोधात अजितदादांना १ लाख ८९९ मतांनी निवडून दिले. आमच्या घरातही हेच झाले असावे. असावे म्हणतो, कारण सौ. ने मला अखेरपर्यंत थांग लागू दिला नाही. एप्रिलमध्ये साहेबांचे 'मूळ पवार आणि बाहेरून आलेले पवार' हे शब्द टीव्हीवर ऐकले तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता थांबली, 'म्हणजे आम्ही साऱ्याच बाहेरून आलेल्या,' एवढे म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली. त्यानंतर तिने मत कोणाला दिले हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

आता घर फुटले असे सगळे म्हणतात, आणि भावकीच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण जरा मोजून पाहा. साहेब राज्यसभेत, सुप्रियाताई लोकसभेत, हरलेल्या सुनेत्रावहिनी निकालानंतर महिन्याच्या आतच राज्यसभेत, दादा उपमुख्यमंत्री आणि रोहित पवार कर्जत-जामखेडमधून अवघ्या १,२४३ मतांनी का होईना, पुन्हा आमदार. घर फुटल्यावर आमच्या गावाकडे दोन चुली होतात आणि दोन्हींवरचा स्वयंपाक निम्मा होतो. येथे दोन्ही चुलींवर पंगत बसते आहे.

हेच इतरत्र. तिकडे अहेरीत धर्मरावबाबा आत्राम यांच्यासमोर त्यांची कन्या उभी राहिली, शिवाय पुतणे अम्ब्रीशराव अपक्ष. निवडणूक कोणीही जिंकली असती तरी आमदारकी आत्रामांकडेच राहण्याची शक्यता मोठी, आणि तसेच झाले. लोह्यात भाऊ आणि बहीण. सिंधुदुर्गात राण्यांचे दोन चिरंजीव दोन पक्षांतून निवडून आले आणि वडील लोकसभेत आहेत. नवी मुंबईत गणेश नाईक भाजपचे आमदार झाले आणि त्यांचे पुत्र संदीप विरोधी बाजूने बेलापुरात ३७७ मतांनी पडले. पूर्वी पक्षात घराणी असत. आता घराण्यात पक्ष असतात.

तू ज्या संगमनेरच्या निकालाने हरखून गेला आहेस त्याचेही असेच आहे. थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा आमदार होते. अमोल खताळ या नवख्या माणसाने त्यांना साडेदहा हजारांनी पाडले ही गोष्ट लहान नाही, आणि त्याचे श्रेय मी हिरावून घेत नाही. परंतु त्या विजयामागे शेजारच्या लोणीच्या विखे पाटलांचे बळ उघडपणे उभे होते, आणि लोकसभेला सुजय विखे यांचा जो पराभव झाला त्याचे उट्टे त्यात होते, हे नगर जिल्ह्यातला कोणीही सांगेल. एक वाडा पडला तो दुसऱ्या वाड्याने रेटा दिल्यामुळे. आणि सुजय विखे यांना हरवणारे नीलेश लंके, ज्यांच्या साधेपणाचे तू मागच्या पत्रात पानभर कौतुक केले होतेस, त्यांनी पारनेरची रिकामी झालेली जागा कोणाला दिली? पत्नीला. त्या थोड्या मतांनी पडल्या, हे वेगळे.

आता तू म्हणशील, लोक मते देतात म्हणून हे चालते. येथे मला तुझ्याशी थोडे भांडायचे आहे, आणि भांडण्याआधी एक कबुलीही द्यायची आहे.

माझा दोन एकर ऊस आहे, हे तुला ठाऊक आहे. आडसाली ऊस सोळा-सतरा महिने सांभाळायचा आणि मग तोडणीच्या टोळीची वाट पाहायची. टोळी डिसेंबरात आली तर वजन हातात. मार्च-एप्रिलपर्यंत लांबली तर उसाला तुरे येतात, पाचट वाळते, काट्यावर टन घटतात आणि पुढचे पीकही मागे पडते. टोळी कोणाच्या फडात आधी जाईल हे नोंदीच्या तारखेप्रमाणे ठरते असे कागद म्हणतो. तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा चिटबॉय मात्र कागदाकडे पाहत नाही, तो फोनकडे पाहतो. त्याच फोनच्या दुसऱ्या टोकाला विकास सोसायटीचे पीककर्ज असते, जिल्हा बँक असते, बाजार समिती असते, दूध संघ असतो आणि मुलाचा कॉलेजातला प्रवेशही असतो. ही सगळी सहकाराची कमाई आहे आणि ती खरी कमाई आहे; प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला नसता तर आमच्यासारख्या दोन एकरवाल्याला कोणी विचारले नसते. पण संस्था सभासदांची आणि किल्ली एका घराची, अशी तिची हळूहळू घडण झाली, आणि तो बदल एकाही सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही.

कबुली अशी. अकरा वर्षांपूर्वी आईला मध्यरात्री पुण्याला हलवावे लागले तेव्हा दोन ठिकाणी खाट मिळाली नाही. मी एका घराच्या पीएला फोन केला. कोणत्या घराच्या ते लिहीत नाही. पहाटे चारला आई अतिदक्षता विभागात होती आणि पुढे सहा वर्षे जगली. त्यानंतरच्या दोन निवडणुकांत मी त्या घराला मत दिले. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने हे लिहिणे लाजिरवाणे आहे, पण जे सरकारी दारात हक्काने मिळायला हवे होते ते मला बंगल्याच्या दारात उपकार म्हणून मिळाले, आणि उपकाराची परतफेड करण्याचे शिक्षण आपल्याला नागरिकशास्त्राच्या कितीतरी आधी, घरीच मिळालेले असते. म्हणून मतदाराला भोळा किंवा लाचार म्हणणारांची मला चीड येते. तो हिशेब करूनच मत देतो.

भांडण येथे आहे. लोक मते देतात हे खरे, पण मत द्यायची वेळ येईपर्यंत निवड झालेली असते. ती एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कोणाच्या हाती पडतो तेव्हा होते. खर्चाची अधिकृत मर्यादाच ४० लाख रुपये आहे, अनधिकृत आकडा तुलाही ठाऊक आहे. अशा वेळी पक्ष 'निवडून येण्याची क्षमता' शोधतो आणि ती त्याला आडनावात सापडते.

असे पूर्वीही होते, पण खाली एक शिडी होती. शारदाबाई पवार १९३८ साली पुण्याच्या लोकल बोर्डावर निवडून गेल्या, तेव्हा त्यांच्यामागे कोणते घराणे होते? विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून सुरू झाले. आज ज्यांना आपण घराणी म्हणतो त्यांतल्या बहुतेकांचा मूळ पुरुष, आणि शारदाबाईंसारखी मूळ स्त्री, या शिडीच्या पहिल्या पायरीवरून चढलेली आहे. आर. आर. आबांचा मुलगा रोहित पंचविसाव्या वर्षी तासगावातून आमदार झाला. पोरगा बोलतो चांगला, त्याच्याविषयी मला राग नाही. पण वडील ज्या पायऱ्या चढले त्या त्याला चढाव्या लागल्या नाहीत. आणि ज्यांना चढायच्या आहेत त्यांच्यासाठी ती शिडीच काढून ठेवलेली आहे. बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि गट-गणांची रचना यांचे वाद न्यायालयात अडकले आणि पावणेतीन वर्षे तेथे प्रशासक बसला आहे. विधानसभेच्या निकालावर महिनाभर चर्चा करणाऱ्या वाहिन्यांना यावर अर्धा तास काढावासा वाटत नाही.

माझाही एक पुतण्या आहे. थोरल्या बंधूंचा मुलगा. तू त्याला माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाला वायरी ओढताना पाहिले आहेस. आमचे मूळ गाव तालुक्याच्या जिरायती भागात, जेथे उन्हाळ्यात टँकर येतो आणि निवडणुकीत आश्वासन येते. तो सरपंच झाला. पाच वर्षांत त्याने दोन वस्त्यांना नळ दिला, ग्रामसभा खरोखर भरवली आणि हिशेब फळ्यावर लिहून लावला. २०२२ साली पंचायत समितीच्या गणातून उभे राहायचे म्हणून त्याने शेतावर कर्ज न काढता वर्षभर पैसे साठवले होते. निवडणूक झालीच नाही. पैसे बहिणीच्या घरभरणीत गेले, ओळखी विरल्या, आणि ज्या पोरांनी त्याच्यासाठी घरोघर फिरायचे कबूल केले होते ती पोरे आता एका युवा नेत्याचे रील काढतात. गेल्या महिन्यात तोही तेच करीत होता. एका पुतण्याच्या प्रचाराला दुसऱ्याचा पुतण्या, सकाळी आठ ते रात्री दहा, डिझेल आणि जेवण मिळून.

पंधरा तारखेला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला तो आम्ही दोघांनी बसून पाहिला. पंकजा मुंडे, नितेश राणे, आदिती तटकरे, शंभूराज देसाई, मकरंद पाटील, आकाश फुंडकर, योगेश कदम, मेघना बोर्डीकर; नाव पुकारले की तो 'अमक्यांचा मुलगा', 'तमक्यांची मुलगी', 'नातू' असे म्हणत होता, गाड्यांच्या काचेवरचे नंबर वाचावेत तसे. बरेच झाल्यावर तो थांबला आणि मला विचारले, 'काका, तुम्ही निदान झेडपीचे सदस्य तरी का झाला नाहीत?' तो हसत विचारीत होता. मी हसलो नाही, कारण उत्तर शोधत होतो.

जानेवारीत येतोस असे लिहिले आहेस ते नक्की कर. एसटी स्टँडवर तुला न्यायला तोच येईल. घराणेशाहीचा विषय त्याच्याजवळ काढू नकोस. गावच्या नळाविषयी विचार, तासभर बोलेल. सौ. ने काजू आणायला सांगितले आहेत, आणि मागच्या वेळेसारखे खारवलेले नकोत असा निरोप आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता